छा छान थेंग

छा छान थेंग : हाँगकाँग, मकाऊ व चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातील कँटोनी भाषकांचे चहा-फराळाचे उपाहारगृह. ‘छा’ म्हणजे चहा, ‘छान’ म्हणजे जेवण आणि ‘थेंग’ म्हणजे दालन. कँटोनी शब्दातील आद्य व्यंजन मराठी ‘चाकू’तील च ला हकार जोडल्यासारखे ऐकू येते, मराठीत त्यासाठी स्वतंत्र वर्ण नसल्याने येथे ‘छ’ योजला आहे. मराठी ‘चहा’ हा शब्दही याच चिनी शब्दाच्या कुळातला होय, मग तो फार्सीमार्गे आलेला असो की पोर्तुगीजांकरवी. वाफवलेल्या डिम समसाठी (छोट्या चिनी फराळी पदार्थांसाठी) ख्यात असलेले ‘छा लाव’ हे चहागृह मात्र निराळे. प्रवासी या दोहोंत पुष्कळदा गल्लत करतात.

छा छान थेंगचा उदय दुसऱ्या महायुद्धानंतरच्या हाँगकाँगमध्ये, साधारणपणे १९५०च्या दशकात झाला असे मानतात. एका मतानुसार ते ‘पिंग सत’ (शब्दशः ‘बर्फाची खोली’) या थंड पेये, कॉफी व सँडविच देणाऱ्या जुन्या दुकानांतून विकसित झाले. दुसऱ्या मतानुसार त्याचे मूळ ‘ताय फाय तोंग’ या रस्त्यावरील परवानाधारक टपऱ्यांत आहे. बैठकव्यवस्था आणि पाश्चात्त्य वळणाचे पदार्थ पाहता पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते. तथापि, चहा करण्याची रीत टपऱ्यांकडून आली असावी, हे नाकारता येत नाही. इंग्रजांच्या हॉटेलांतील दुपारचा चहा सामान्य कामगाराला परवडणारा नव्हता. तोच चहा त्याच्या खिशाला झेपेल अशा दरात या उपाहारगृहांनी आणून दिला, हे त्यांचे मोठेच कार्य होय.

दुपारच्या फराळाची वेळ सामान्यतः दोन ते साडेपाच-सहाच्या दरम्यान असते आणि त्या वेळात चहासह ठरावीक फराळ कमी दरात मिळतो. बांधकाम-मजुरांच्या चहाच्या सुटीला ‘साम तिम साम’ म्हणतात. शब्दशः हे ‘तीन वाजून तीन’ असले, तरी त्याचा अर्थ सव्वातीन असा आहे. कारण कँटोनी बोलीत मिनिटे घड्याळाच्या तबकडीवरील आकड्यांनी मोजतात आणि मिनिटकाटा तीनवर आला की पंधरा मिनिटे होतात.

फराळातील प्रमुख पदार्थ ‘पो लो पाव’ हा आहे. ‘पो लो’ म्हणजे अननस; पावात अननस नसतो, भाजताना वरच्या गोड पापुद्र्याला अननसाच्या सालीसारख्या भेगा पडतात म्हणून हे नाव पडले. मराठी ‘पाव’ हा पोर्तुगीजांकडून आलेला असून कँटोनी ‘पाव’शी त्याचे केवळ ध्वनिसाम्य आहे. भट्टीतून आलेला हा पाव आडवा चिरून त्यात थंडगार लोण्याची जाड चकती सरकवतात. चकतीच्या कडा वितळून पावात मुरतात आणि मधला भाग घट्ट राहतो. ही अवस्था दोन-चार मिनिटेच टिकते, म्हणून तो पानात पडताच खाणे इष्ट.

‘तान थात’ या अंड्याच्या टार्टचे (अंड्याचे गोड सारण भरलेल्या पेस्ट्रीच्या वाटीचे) मूळ वादग्रस्त आहे. तो पोर्तुगीजांच्या ‘पास्तेल द नाता’ या टार्टवरून मकाऊमार्गे आला, ही समजूत लोकप्रिय आहे; परंतु आजचा प्रसिद्ध मकाऊ टार्ट अँड्र्यू स्टो या इंग्रज बेकरीवाल्याने १९८९ मध्ये मकाऊतील कोलोआन येथे विक्रीस आणला, आणि त्याच्या कितीतरी आधी हाँगकाँगचा टार्ट रूढ झालेला होता. दुसऱ्या मतानुसार १९२०च्या दशकात ग्वांगझोमधील मोठ्या दुकानांच्या आचाऱ्यांनी इंग्रजी कस्टर्ड टार्टवरून तो बेतला. हाँगकाँगच्या टार्टचा पृष्ठभाग गुळगुळीत, पिवळा व चकचकीत असतो, तर पोर्तुगीज टार्टवर जळक्या साखरेचे काळपट डाग हमखास असतात. हा भेद लक्षात घेता इंग्रजी मुळाकडे कल झुकतो.

चहाला ‘नाय छा’ (दुधाचा चहा) म्हणतात. श्रीलंकेच्या भरड व बारीक पत्तीचे मिश्रण उकळून ते कापडी पिशवीतून उंचावरून पुनःपुन्हा ओततात व त्यात डब्यातील आटवलेले दूध घालतात. चहाने तपकिरी झालेली ती लांबट पिशवी रेशमी पायमोज्यासारखी दिसते, यावरून ‘सी मत नाय छा’ (रेशमी मोज्याचा चहा) हे नाव पडले. या चहाचे श्रेय १९५२ मध्ये स्थापन झालेल्या ‘लान फोंग युन’ या दुकानाचे संस्थापक लाम मुक हो यांना सामान्यतः दिले जाते. चहा व कॉफी मिसळून केलेल्या ‘युन यंग’ या पेयाच्या निर्मितीबाबतचा त्याच दुकानाचा दावा मात्र पुराव्याअभावी सावधपणे घ्यावा लागतो. दुधाचा चहा करण्याचे कौशल्य २०१७ मध्ये हाँगकाँगच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या २० घटकांच्या प्रातिनिधिक यादीत समाविष्ट झाले.

गर्दीच्या वेळी अनोळखी गिऱ्हाइकांना एकाच टेबलावर बसवण्याचा प्रघात असून त्यात कोणी अवमान मानत नाही. बसताच पुढ्यात येणारा फिकट चहा काहीजण पितात, तर काहीजण त्यात चमचे व जेवणाच्या काड्या विसळून घेतात. साखर व दूध नको असल्यास ‘फेय सा चाव नाय’, म्हणजे ‘वाळू उडवा, दूध पळवा’, असे सांगतात. व्हँकूव्हर, टोराँटो, लंडन इत्यादी शहरांतील कँटोनी वस्त्यांतही अशी उपाहारगृहे आहेत.