लोकसहभागी मुक्त नकाशांकन

लोकसहभागी मुक्त नकाशांकन : एखाद्या प्रदेशाचा नकाशा तेथील रहिवाशांनी किंवा दूरच्या स्वयंसेवकांनी सामाईक संगणकीय विदासंचात (डेटाबेसमध्ये) भर घालत, मोबदल्याविना तयार करण्याची आणि तो कोणालाही वापरता, बदलता व पुन्हा वाटता येईल अशा परवान्याखाली खुला ठेवण्याची पद्धत. ओपनस्ट्रीटमॅप (यापुढे ओएसएम) हे तिचे सर्वांत मोठे उदाहरण होय. भारताच्या २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानुसार नागरी वापरासाठी निघालेल्या ‘ओपन सिरीज मॅप’ या सरकारी मालिकेचे लघुरूपही ओएसएमच आहे. जुने भारतीय दस्तऐवज वाचताना त्यामुळे घोटाळा होतो. त्या मालिकेचा प्रस्तुत विषयाशी संबंध नाही.

मूळ व मतभेद : नकाशा लोकांनी काढावा ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. भूगोलज्ञ डडली स्टॅम्प यांनी १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये केलेली भूमी-उपयोग पाहणी बव्हंशी शाळकरी मुले, शिक्षक व स्वयंसेवक यांच्या पायपिटीवर उभी राहिली. भारतात १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ग्रामीण सहभागी मूल्यांकनात गावकरी रांगोळी, खडे व बिया मांडून मोकळ्या जागेत गावाचा नकाशा काढीत. ब्रिटिश विकास-अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांच्या लेखनातून ही रीत इतर देशांत पोहोचली. मुंबईत १९८५ मध्ये स्पार्क या संस्थेने पदपथांवर राहणाऱ्या कुटुंबांची गणना केली, तीही याच परंपरेजवळची. पुढे १९९६ च्या सुमारास अमेरिकेतील भूगोलज्ञांनी ‘लोकसहभागी भौगोलिक माहिती प्रणाली’ ही संज्ञा रूढ केली, तर मायकेल गुडचाइल्ड यांनी २००७ मध्ये ‘स्वयंसेवी भौगोलिक माहिती’ ही संज्ञा मांडली. अभ्यासकांच्या वर्तुळात ही दुसरी संज्ञा अधिक टिकली.

या सर्व प्रयत्नांना एकाच प्रवाहाचे टप्पे मानावे काय, याविषयी एकमत नाही. काहींच्या मते खरा आरंभ २ मे २००० रोजी झाला. त्या दिवशी अमेरिकेने जीपीएस संकेतांत हेतुपुरस्सर मिसळलेली त्रुटी काढून टाकली आणि सामान्य ग्राहकयंत्राची अचूकता सुमारे १०० मी. वरून १०-२० मी. पर्यंत आली. रस्त्याच्या कोणत्या अंगाला आपण उभे आहोत हेही ज्या यंत्राला सांगता येत नाही, त्याने गल्ल्या रेखाटता येत नाहीत, हे खरेच. परंतु यंत्राची अचूकता हा पुरेसा निकष वाटत नाही. रांगोळीचा नकाशा पुसला जाई, किंवा त्याची प्रत संस्थेच्या कपाटात राही. पाहणीचा नकाशा पाहणी करविणाऱ्याच्या मालकीचा असे. काढणाऱ्याइतकाच अधिकार परक्या वापरकर्त्यालाही देणारी कायदेशीर तरतूद आधीच्या कोणत्याच प्रयत्नात ठळकपणे दिसत नाही. म्हणून या पद्धतीचा आरंभ ओएसएमपासून धरणे अधिक सयुक्तिक ठरते.

ओएसएमची कल्पना स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये लंडन येथे मांडली. ब्रिटनचा सरकारी नकाशा विभाग ऑर्डनन्स सर्व्हे याची विदा राजसत्तेच्या स्वामित्वहक्काखाली होती व महाग होती, हे त्यामागचे तात्कालिक कारण. वर्धापनदिन ९ ऑगस्ट रोजी पाळला जातो. ही संकेतस्थळाच्या नावनोंदणीची तारीख असून प्रत्यक्ष काम थोडे आधी सुरू झाले असावे. मे २००६ मध्ये इंग्लंडमधील वाइट बेटावर स्वयंसेवकांनी एकत्र जमून नकाशा काढला. अशा मेळाव्यांना ‘मॅपिंग पार्टी’ म्हणतात. प्रकल्पाचे व्यवस्थापन पाहणारे प्रतिष्ठान त्याच वर्षी स्थापन झाले.

रचना : ओएसएममधील विदा तीन घटकांत मांडतात : बिंदू, बिंदूंना क्रमाने जोडणारी रेषा आणि अशा घटकांचे परस्परसंबंध दाखविणारा संबंध-घटक (उदा., एखादा बसमार्ग). विहीर हा बिंदू, ओढा ही रेषा, तर तळे ही स्वतःशी मिळणारी रेषा. एका रेषेत जास्तीत जास्त २,००० बिंदू असू शकतात. प्रत्येक बिंदूचे अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस ८४ या, जीपीएसमध्येही वापरल्या जाणाऱ्या संदर्भपद्धतीत दशांशचिन्हापुढे सात स्थळांपर्यंत साठवितात. सातव्या स्थळावरील एका अंकाचा फरक जमिनीवर सुमारे १ सेंमी. भरतो. अर्थात साठवणीचा हा काटेकोरपणा मोजणीचा नव्हे. भारतातील जुनी स्थलदर्शक पत्रके एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती प्रारूपावर) आधारित असल्याने ती रूपांतराविना ओएसएमवर ठेवल्यास रस्ते व नद्या शंभरेक मीटर सरकलेल्या दिसतात.

वस्तू काय आहे हे ‘टॅग’ सांगतो. टॅग म्हणजे गुणधर्म व त्याचे मूल्य अशी जोडी. कोणता टॅग वापरावा हे चर्चेने ठरते, तथापि मूळ वर्गीकरण ब्रिटिश रस्त्यांवरून आलेले आहे. पाणंद, शिवरस्ता आणि बैलगाडीची वाट ही तिन्ही त्यात बहुधा ‘ट्रॅक’ या एकाच वर्गात पडतात. वाडी व पाडा यांतला भेदही पुसला जातो. बारव, पार, चावडी यांना चपखल टॅग नसल्याने भर घालणारा जवळचा वर्ग निवडून नावाच्या रकान्यात मूळ शब्द लिहितो.

माहिती मिळविण्याचे मार्ग दोन : प्रत्यक्ष फिरून जीपीएसने वाट नोंदणे आणि उपग्रह वा विमानातून घेतलेल्या प्रतिमेवरून रेखाटणे. याहूने २००६ च्या अखेरीस आणि बिंगने २०१० मध्ये आपल्या प्रतिमांवरून रेखाटण्यास अनुमती दिल्यावर दुसरा मार्ग वेगाने वाढला. प्रतिमेत छप्पर दिसते, पण त्याखाली शाळा आहे की गोठा हे दिसत नाही.

परवाना : आरंभी विदा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली होती. तो परवाना सर्जनशील कृतींसाठी घडविलेला. अक्षांश-रेखांशांच्या यादीला स्वामित्वहक्क लागू होतो काय, हे देशोदेशी वेगळे. म्हणून दीर्घ वादानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये मुक्त विदासंच परवाना (ओडीबीएल) स्वीकारण्यात आला. त्यानुसार श्रेय देणे बंधनकारक असून विदेत सुधारणा करून ती प्रसिद्ध करणाऱ्याने सुधारित विदाही त्याच अटींवर खुली करावी लागते. ज्यांनी संमती दिली नाही त्यांचे काम काढून टाकण्यात आले. ऑस्ट्रेलिया व पोलंड येथील नकाशांना याची विशेष झळ बसली. गूगलसारख्या व्यावसायिक नकाशावरील माहिती या परवान्याखाली खुली करण्याचा हक्क भर घालणाऱ्याला नसतो, म्हणून तेथून नावे उतरवून घेण्यास मनाई आहे. नवख्यांकडून हीच चूक वारंवार होते.

विश्वसनीयता : भूगोलज्ञ मुकी हाकले यांनी २०१० मध्ये इंग्लंडमधील ओएसएमची ऑर्डनन्स सर्व्हेशी तुलना केली. सरासरी स्थानफरक सुमारे ६ मी. आढळला, मात्र गरीब वस्त्यांतील नोंदी संपन्न भागांपेक्षा विरळ होत्या. नोंदणीकृत सदस्य १ कोटीवर गेले असले, तरी सातत्याने काम करणारे त्यांतले थोडेच. अलीकडे मेटा, ॲपल, मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन यांचे पगारी संपादकही भर घालतात. त्यामुळे ‘स्वयंसेवी’ हे विशेषण कितपत लागू पडते असा प्रश्न विचारला जातो.

आपत्ती व वस्त्या : हैतीतील १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर स्वयंसेवकांनी काही दिवसांत पोर्ट-ओ-प्रिन्स या राजधानीचा तपशीलवार नकाशा उभा केला व तो मदतपथकांनी वापरला. त्याच वर्षी ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम ही संस्था नोंदली गेली. २०१४ मध्ये तिने रेड क्रॉस व डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स यांच्यासह ‘मिसिंग मॅप्स’ हा प्रकल्प सुरू केला. एप्रिल २०१५ च्या नेपाळ भूकंपावेळी काठमांडू लिव्हिंग लॅब्ज या स्थानिक गटाने शाळा-रुग्णालये आधीच नोंदविलेली होती, त्याचा उपयोग झाला. नैरोबीतील किबेरा या झोपडवस्तीत २००९ पासून तेथील तरुणांनीच नकाशा काढला.

भारत : २००७ मध्ये एएनडी या डच कंपनीने भारतातील प्रमुख रस्त्यांची विदा देणगी दिली. बऱ्याच ठिकाणी ती ढोबळ होती व नंतर दुरुस्त झाली. कायद्याची स्थिती दीर्घकाळ संदिग्ध राहिली. २०१६ च्या भू-अवकाशीय माहिती विधेयकाच्या मसुद्यात विनापरवाना नकाशांकनास १ कोटी ते १०० कोटी रुपये दंड व ७ वर्षांपर्यंत कैद सुचविली होती. तो मसुदा पुढे गेला नाही. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी पूर्वपरवानगीची अट काढली, परंतु आडव्या मापात १ मी. व उभ्या मापात ३ मी. पेक्षा सूक्ष्म विदा भारतीय संस्थांपुरती राखून ठेवली. सीमारेषांचा पेच कायम आहे : ओएसएम प्रत्यक्ष ताबा दाखविते, तर भारतात प्रसिद्ध होणाऱ्या नकाशावर भारतीय सर्वेक्षण विभागाचीच सीमा लागते.

मराठी नावांसाठी स्वतंत्र टॅग आहे. नामांतर झाल्यास पूर्वीचे नाव ‘जुने नाव’ या टॅगखाली ठेवण्याची सोय असून छत्रपती संभाजीनगर व धाराशिव यांसारख्या शहरांबाबत ती उपयोगी पडते. महाराष्ट्रात मुंबई-पुण्याच्या नोंदी दाट आहेत; सह्याद्रीतील घाटवाटांची भर गिर्यारोहकांच्या जीपीएस नोंदींतून पडते.