लढाईनंतरचे चेहरे

जुन्या युद्धचित्रणात सैनिक दुडूदुडू धावताना दिसतात. तेव्हाचा कॅमेरा हाताने हँडल फिरवून चालायचा आणि सेकंदाला चोवीसपेक्षा कमी चित्रं टिपायचा. तीच फिल्म चोवीसच्या वेगाने दाखवली की माणसांची पळापळ होते. असा कॅमेरा तिपाईवर चढवून जेफ्री मॅलिन्स आणि जॉन मॅक्डॉवेल या ब्रिटिश कॅमेरामननी १९१६ साली, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या सोम नदीकाठची लढाई टिपली. हॉथॉर्न टेकडीवर सुरुंग उडतो, ते दृश्य अस्सल आहे. पण सैनिक खंदकातून वर चढतात आणि एकजण घसरून मागे येतो, हे सर्वांत गाजलेलं दृश्य आघाडीच्या मागे बनवून घेतलेलं. नीट पाहिलं तर कळतं: पाठीवर सामान नाही, आणि कॅमेरा इतका उघड्यावर की खऱ्या हल्ल्यात तो चालवणारा वाचलाच नसता. तरी पहिलं महायुद्ध म्हटलं की अजून हाच तुकडा दाखवतात!

दुसऱ्या महायुद्धात हातात धरता येणारे कॅमेरे सर्रास वापरात आले. पॅसिफिकमधल्या तारावा बेटावरच्या लढाईच्या माहितीपटात अमेरिकी सैनिकांची प्रेतं दाखवायला थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची परवानगी लागली.

माझ्या मते खरं वळण लढाईबाहेर आलं, मनावर आघात झालेल्या जवानांच्या एका इस्पितळात. हॉलिवूडचे दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांनी अमेरिकी लष्करासाठीच १९४६ मध्ये ‘लेट देअर बी लाइट’ हा माहितीपट केला. त्यात गोळीबार नाहीच. धडधाकट दिसणाऱ्या एका जवानाला पाऊल टाकता येत नाही, दुसऱ्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. डॉक्टर समोर बसून विचारतात, जवान रडतो. लष्कराने रुग्णांच्या खासगीपणाचं कारण पुढे करून माहितीपट अडवला, तो १९८० च्या अखेरीपर्यंत. प्रेतं चालली, रडणारे जवान चालले नाहीत.

पुढे सोळा मिलिमीटर रुंद फिल्मच्या हलक्या कॅमेऱ्यासोबत आवाजही टिपायची सोय आली. त्या बळावर फ्रेंच दिग्दर्शक पिएर शॉन्डॉर्फर १९६६ मध्ये व्हिएतनाममधल्या एका अमेरिकी प्लाटूनसोबत, म्हणजे सैनिकांच्या छोट्या तुकडीसोबत, सहा आठवडे राहिले. ते स्वतः व्हिएतनाममध्येच, १९५४ साली फ्रेंच हरले त्या दिएन बिएन फूच्या लढाईत युद्धकैदी झालेले, त्यामुळे कुठे थांबायचं हे त्यांना कळत होतं.

‘रेस्ट्रेपो’ (२०१०) या माहितीपटासाठी टिम हेदरिंग्टन आणि सेबॅस्टियन युंगर अफगाणिस्तानच्या कोरेंगल खोऱ्यातल्या चौकीवर अमेरिकी जवानांसोबत राहिले. त्यात गोळीबार भरपूर आहे. पण लक्षात राहतात त्या नंतर इटलीतल्या तळावर, काळ्या पडद्यासमोर घेतलेल्या मुलाखती. एक जवान हसऱ्या चेहऱ्याने सांगतो, चार-पाच तऱ्हेच्या झोपेच्या गोळ्या घेऊन पाहिल्या. आता न झोपणंच बरं वाटतं, निदान स्वप्नं तरी पडत नाहीत.