समकक्ष परीक्षण व गुणवत्ता सुधारासाठी मोजमापयोग्य सांघिक उद्दिष्टे

एकाच व्यवसायातील आणि साधारण सारखीच जबाबदारी सांभाळणाऱ्या व्यक्तींनी परस्परांच्या कामाची ठरलेल्या निकषांवर केलेली पाहणी म्हणजे समकक्ष परीक्षण होय. त्या पाहणीत दिसलेली उणीव कोणत्या गटाने, किती प्रमाणात आणि कोणत्या मुदतीत भरून काढायची, हे संख्येत मांडले की ते मोजमापयोग्य सांघिक उद्दिष्ट ठरते. या दोन गोष्टी परस्परांना पूरक आहेत. परीक्षणाविना ठेवलेले उद्दिष्ट कागदावर सहज पूर्ण होते, तर उद्दिष्टाविना झालेले परीक्षण शेऱ्यांच्या वहीतच राहते. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत, ही पद्धत सर्वांत नियमितपणे आढळते ती सरकारी आरोग्य संस्था आणि महाविद्यालये यांत. पैकी आरोग्य संस्थांचा विचार येथे अधिक विस्ताराने केला आहे.

या विचाराची मुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सापडतात. बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९१० च्या सुमारास असा आग्रह धरला, की शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रुग्णाचा पाठपुरावा करून अंतिम परिणाम नोंदवावा आणि तो उघड करावा. हा आग्रह सहकाऱ्यांना फारसा रुचला नाही. १९२४ मध्ये अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर श्यूहार्ट यांनी नियंत्रण आलेख मांडला आणि कोणत्याही प्रक्रियेतील नेहमीचा चढउतार व खरोखरीचा बदल यांत फरक करण्याचे साधन उपलब्ध झाले. एव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये वैद्यकीय सेवेची गुणवत्ता संरचना, प्रक्रिया आणि परिणाम अशा तीन अंगांनी तपासावी असे प्रतिपादन केले. संगणक क्षेत्रात मायकेल फॅगन यांनी १९७६ मध्ये आज्ञावलीची सहकाऱ्यांकडून शिस्तबद्ध तपासणी करण्याची रीत प्रसिद्ध केली. उद्दिष्ट नेमके, मोजता येणारे व मुदतीचे असावे हे आज सर्वत्र उद्धृत होणारे सूत्र जॉर्ज डोरान यांनी १९८१ मध्ये मांडले.

भारतातील सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेत समकक्ष परीक्षणाला ठोस स्थान मिळाले ते १५ मे २०१५ रोजी सुरू झालेल्या कायाकल्प योजनेमुळे. स्वच्छता, जैववैद्यकीय कचऱ्याची विल्हेवाट, जंतुसंसर्ग नियंत्रण इत्यादी विषयांची तपासणी सूची घेऊन संस्था प्रथम स्वतःचे मूल्यमापन करते. त्यानंतर दुसऱ्या संस्थेचा चमू येऊन तेच मूल्यमापन पुन्हा करतो, यालाच दवाखान्यांत ‘पीअर असेसमेंट’ म्हणतात. आणि ७० टक्के वा त्याहून अधिक गुण मिळाल्यास बाहेरील मूल्यमापक येतात. प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन असे गुण असतात. डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या ‘लक्ष्य’ नावाच्या कार्यक्रमाने प्रसूतिगृह आणि प्रसूती शस्त्रक्रियागृह यांपुरता हाच विचार अधिक बारकाईने लागू केला. कायाकल्पमध्ये रोख पारितोषिके आहेत, आणि समकक्ष परीक्षणाची एक अडचण तेथूनच उद्भवते. शेजारच्या तालुक्यातला जो वैद्यकीय अधिकारी आज परीक्षक म्हणून आला आहे तोच जिल्ह्यातील त्याच पारितोषिकाचा स्पर्धक असू शकतो, आणि पुढच्या महिन्यात त्याच्या केंद्राचे परीक्षण आपल्यालाच करायचे असू शकते. कठोरपणा आणि भिडस्तपणा या दोन्ही टोकांना गुण वाकण्याची शक्यता असल्यामुळे, परीक्षकाने दिलेल्या एकूण टक्केवारीपेक्षा त्याने कोणत्या मुद्द्यावर काय पाहिले याची नोंद अधिक उपयोगाची असते.

उद्दिष्टाचे विधान कसे असावे हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. अक्राणी आणि अक्कलकुवा या सातपुड्यातील तालुक्यांत हिवाळ्याच्या रात्री कडाक्याच्या थंडीच्या असतात आणि नवजात बाळाचे अंग गार पडणे हा तेथील खरा धोका आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार नवजात बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे. ‘बाळांची काळजी सुधारणे’ हे उद्दिष्ट नव्हे, ती सदिच्छा आहे. ‘आपल्या केंद्रात जन्मलेल्या बाळांपैकी जन्मानंतर एका तासाने ३६.५ अंशांपेक्षा कमी तापमान असलेल्या बाळांचे प्रमाण, डिसेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत, ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणणे’ हे उद्दिष्ट आहे. येथील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. मात्र विधानात काय, कोणाचे, किती आणि कधीपर्यंत या चारही प्रश्नांची उत्तरे आली आहेत. पहिला आकडा अंदाजाने लिहून चालत नाही. तो आधीच्या काही आठवड्यांच्या प्रत्यक्ष नोंदींतून यावा लागतो, अन्यथा पुढे झालेली प्रगती ही सुधारणा की सुरुवातीची चूक हे कळण्यास मार्ग राहत नाही.

याच उद्दिष्टासोबत एक-दोन प्रक्रियादर्शक मोजमापे ठेवावी लागतात. बाळ जन्मताच कोरडे करून आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लागून ठेवले का, प्रसूतिकक्षाचे तापमान किमान २५ अंश होते का, पहिली आंघोळ २४ तास पुढे ढकलली का, अशी ही मोजमापे होत. शेवटच्या मुद्द्यावर परिचारिकेला केवळ स्वतःच्या शिस्तीवर विसंबता येत नाही, कारण बाळाला लगेच न्हाऊ घालण्याची रीत घराघरांत असते आणि सोबत आलेल्या आजीशी पावरी किंवा भिली बोलीत बोलणारी आशा स्वयंसेविका हीच येथे खरी दुवा ठरते. म्हणून तिला चमूत घेतल्याशिवाय हे उद्दिष्ट सांघिक म्हणता येत नाही. शेजारच्या केंद्रातून आलेली परिचारिका अशा जागी अधिकाऱ्यापेक्षा उपयुक्त प्रश्न विचारते. तापमापी कोणाच्या कपाटात असते, रात्री वीज गेल्यावर वॉर्मरचे, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या यंत्राचे, काय होते, कोरडी फडकी कोण आणि केव्हा मांडून ठेवते, हे तिला विचारावेसे वाटते, कारण तिच्याकडेही हेच घडत असते.

मोजमापात सर्वाधिक गोंधळ होतो तो अंश आणि छेद यांच्या व्याख्येत. गारठलेल्या बाळांचे प्रमाण काढताना छेदात सर्व जिवंत जन्म घ्यायचे, की ज्यांचे तापमान नोंदले गेले तेवढेच? दुसरा पर्याय घेतल्यास ज्या रात्री गडबड होती आणि तापमान घेतलेच नाही त्या रात्रीची बाळे, म्हणजे बहुधा सर्वाधिक धोक्यातली, हिशेबातून आपोआप गळतात. वाटेत १०८ रुग्णवाहिकेत जन्मलेले किंवा घरी जन्मून नंतर आणलेले बाळ कोठे मोजायचे, हेही आधीच लिहून ठेवावे लागते. दोन केंद्रांनी वेगवेगळ्या व्याख्या वापरल्या तर त्यांची तुलना निरर्थक ठरते.

डोंगराळ भागात आणखी एक प्रश्न येतो, तो लहान संख्यांचा. प्राथमिक आरोग्य केंद्राचा लोकसंख्येचा निकष मैदानी भागात ३०,००० आणि आदिवासी व डोंगराळ भागात २०,००० आहे. त्यामुळे येथील केंद्रात महिन्याच्या प्रसूती थोड्याच असू शकतात. महिन्याला १२ प्रसूती होत असतील तर एका बाळाने टक्केवारी ८.३ गुणांनी हलते. मागच्या महिन्यात २५ टक्के आणि या महिन्यात ३३ टक्के, एवढ्यावरून काम बिघडले असा निष्कर्ष काढून जिल्हा बैठकीत खुलासा मागणे हे संख्याशास्त्राला धरून नाही, कारण फरक एका बाळाचा आहे. अशा ठिकाणी टक्केवारीऐवजी प्रत्यक्ष संख्या लिहिणे, तीन-चार महिन्यांची बेरीज करणे किंवा दोन प्रतिकूल घटनांमधील दिवस मोजणे अधिक योग्य असते. साध्या धावत्या आलेखावर, म्हणजे मोजमापे कालक्रमाने मांडलेल्या आलेखावर, मध्यकाच्या (मधल्या मूल्याच्या) एकाच बाजूला सलग सहा बिंदू आले, किंवा सलग पाच बिंदू चढत वा उतरत गेले, तर तो बदल खरा मानण्याची प्रथा आहे. हा आलेख चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने काढता येतो. खानदेशात ऋतूंचा परिणामही लक्षात घ्यावा लागतो. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी अनेक कुटुंबे गुजरातकडे व पश्चिम महाराष्ट्राकडे जातात, त्यांच्यातील गर्भवतींच्या प्रसूती तिकडेच होतात आणि छेद एकदम लहान होतो. पावसाळ्यात चांदसैलीसारख्या घाटात दरड कोसळली की संदर्भसेवेचा, म्हणजे रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवण्याचा, वेळ वाढतो. म्हणून तुलना आधीच्या महिन्याशी न करता आधीच्या वर्षाच्या त्याच महिन्यांशी करणे श्रेयस्कर ठरते.

परीक्षकांचे आपसात एकमत किती आहे हेसुद्धा मोजता येते, पण ही पायरी सहसा वगळली जाते. समजा, दोन परीक्षकांनी तेच २० केसपेपर स्वतंत्रपणे तपासले. १५ दोघांनाही पूर्ण वाटले, दोन दोघांनाही अपूर्ण वाटले आणि उरलेल्या तीनवर मतभेद झाला. वरवर पाहता एकमत ८५ टक्के आहे. परंतु पहिल्याला एकूण १७ आणि दुसऱ्याला १६ पूर्ण वाटले असतील, तर निव्वळ योगायोगानेही ७१ टक्के एकमत झाले असते. योगायोग वजा करून काढलेला जेकब कोहेन यांचा कॅपा गुणांक येथे सुमारे ०.४८ येतो, म्हणजे मध्यमच. अशा वेळी गुण देण्याआधी दोघांनी एकत्र बसून निकषाचे शब्द नक्की करावे लागतात. नमुन्यासाठी केसपेपर निवडतानाही संस्थेने समोर काढून ठेवलेला गठ्ठा न घेता नोंदवहीतून ठराविक अंतराने क्रमांक उचलणे आवश्यक असते. नीटनेटका गठ्ठा समोर ठेवण्याची हौस सर्वत्र सारखीच आहे.

संख्येत मांडलेल्या उद्दिष्टांवर मूलगामी आक्षेपही आहेत. गुणवत्ता व्यवस्थापनाचे अमेरिकी तज्ज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांनी आपल्या १४ सूत्रांत कामगारांवर लादलेली संख्यात्मक लक्ष्ये काढून टाकावीत असे सांगितले, कारण दोष बहुतांशी व्यवस्थेत असतो आणि लक्ष्य मात्र माणसाच्या डोक्यावर बसते. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात केलेले निरीक्षण इतरत्रही लागू पडते: मोजमापच लक्ष्य झाले की ते मोजमाप म्हणून निकामी होऊ लागते. वर दिलेल्या उदाहरणात तापमानाच्या रकान्यात एकापाठोपाठ प्रत्येक बाळाचे तापमान ३६.८ लिहिलेले आढळल्यास परीक्षकाने केंद्राचे अभिनंदन न करता तापमापीची बॅटरी तपासावी. ‘टार्गेट’ हा शब्द आरोग्य कर्मचाऱ्यांच्या तोंडी बहुधा कुटुंबनियोजन शस्त्रक्रियांच्या जुन्या काळापासून धाकाच्या अर्थाने रुळलेला आहे. वरून आलेल्या टार्गेटपेक्षा सांघिक उद्दिष्ट वेगळे आहे हे चमूला केवळ सांगून पटत नाही. ते उद्दिष्ट चमूने स्वतः ठरवलेले असावे लागते आणि ते चुकल्यास कोणाचीही वेतनवाढ अडकत नाही हे दिसावे लागते.

यामुळेच परीक्षणाचे निष्कर्ष व्यक्तीवर नव्हे तर प्रक्रियेवर बेतलेले असावेत, असा दंडक आहे. मातामृत्यू अन्वेषणाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही कोणाचे नाव घ्यायचे नाही आणि कोणावर दोष ठेवायचा नाही हेच तत्त्व स्वीकारले आहे. प्रत्यक्षात अडसर येतो तो अधिकाराच्या उतरंडीचा. वैद्यकीय अधिकारी समोर असताना इन्चार्ज सिस्टर मोकळेपणाने बोलेलच असे नाही, आणि कंत्राटी परिचारिका तर क्वचितच. परीक्षक चमूत डॉक्टरांबरोबर परिचारिका, औषधनिर्माता व प्रयोगशाळा तंत्रज्ञ असतील आणि प्रत्येकाने आपल्या समकक्षाशी स्वतंत्रपणे बोलावे अशी रचना असेल, तर ही अडचण बरीच कमी होते.

महाविद्यालयांत ‘पीअर टीम’ हा शब्दप्रयोग राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेमुळे परिचित झाला. ही परिषद १९९४ मध्ये बंगळूर येथे स्थापन झाली. १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या आणि आता कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणाऱ्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न असलेल्या तिन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांत तिच्या भेटीची तयारी हा मोठा उपक्रम असे. २०१७ च्या सुधारित आराखड्यात संख्यात्मक निकषांचा वाटा वाढला आणि भेटीचे वजन तुलनेने घटले. मात्र अनेक वर्षांतून एकदा होणारी भेट सुधारणेस पुरेशी नसते. एका विभागाच्या प्राध्यापकांनी दुसऱ्या विभागाच्या तपासलेल्या उत्तरपत्रिकांपैकी काही पुन्हा तपासून गुणांतील तफावत सत्रागणिक नोंदवणे, असे छोटे उद्दिष्ट अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाला कोणत्याही भेटीची वाट न पाहता राबवता येते.

रावेर-यावल पट्ट्यातील केळीच्या पॅकहाउसलाही ही पद्धत लावता येते. घडापासून फण्या वेगळ्या करणे, चीक धुणे, प्रतवारी आणि खोक्यात भरणे ही कामे निरनिराळ्या टोळ्यांकडे असतात. एका टोळीने दुसरीची काही खोकी उघडून डागाळलेल्या किंवा घासलेल्या फण्या मोजल्या, तर नाकारलेल्या मालाचे कारण बंदरावर कळण्याऐवजी तेथेच कळू शकते.

उद्दिष्ट साध्य झाल्यावर मोजमाप एकदम थांबवण्याऐवजी त्याची वारंवारता कमी करतात. दररोजचे मोजमाप महिन्यातून एका आठवड्यावर आणले जाते आणि मोकळा झालेला वेळ नव्या प्रश्नाला दिला जातो. सातपुड्यातील केंद्रांत यापुढची अडचण मनुष्यबळाची असते. शासकीय महाविद्यालयातून शिकलेले एमबीबीएस डॉक्टर येथे बहुधा एका वर्षाच्या बंधपत्रित सेवेवर येतात, त्यामुळे ज्याने उद्दिष्ट आखले तो निकाल पाहायला नसतो. अशा ठिकाणी मोजमापाची व्याख्या, सुरुवातीचा आकडा, केलेले बदल आणि फसलेले प्रयत्न एकाच नोंदवहीत लिहून ती प्रसूतिगृहातच ठेवली जाते. शेजारच्या केंद्राचा परीक्षक चमू वर्षातून दोनदा ती वही वाचत असेल, तर नव्याने आलेल्या डॉक्टरला पहिल्याच आठवड्यात काम कोठवर आले आहे ते विचारायला माणूस सापडतो.