टेन्शन गेलं म्हणून बीपी जात नाही

माझ्या आत्याच्या धाकट्या मुलीचं लग्न वैशाखात झालं. त्याआधीचं दीड वर्ष आत्याला बीपीची गोळी चालू होती. मांडव उतरला, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि महिन्याभरात गोळीही सुटली. दिवाळीत मी सातारा जिल्ह्यातल्या तिच्या गावी गेले, तेव्हा फडताळात गोळ्यांची अर्धी पट्टी तशीच पडलेली दिसली. विचारलं तर म्हणाली, "आता मला कसलं टेन्शन राह्यलंय? पोरगी नांदायला गेली, जावई चांगला मिळाला. मग गोळी कशाला?"

ती ओसरीवर बसून सुपात तांदूळ निवडत होती. चेहरा शांत, बोटं सावकाश फिरत होती. मी तिला भिंतीला टेकून पाच मिनिटं गप्प बसवलं आणि दंडाला पट्टा बांधला. मशीनवर आकडे आले १७८ आणि १०४. दोन मिनिटांनी पुन्हा घेतलं, १७४ आणि १०२. "तुझं मशीन बिघडलंय," आत्या म्हणाली. मग मी तिच्यासमोरच माझं बीपी घेतलं. ते ११८ आणि ७६ आलं, तेव्हा ती बोलायची थांबली.

आत्याची चूक समजण्यासारखी आहे. आपल्या बोलण्यात टेन्शन आणि बीपी हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात. पोरं ऐकेनाशी झाली की आई म्हणते, "माझं बीपी वाढवू नका." त्यात डॉक्टरांच्या कागदावर 'हायपरटेन्शन' लिहिलेलं असतं. ते वाचून माणसाला वाटतं, आपल्याला फार टेन्शन आहे असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. मग तो प्रामाणिकपणे सांगतो, "नाही हो डॉक्टर, घरी सगळं व्यवस्थित आहे." पण त्या शब्दातलं टेन्शन मनाचं नाहीच. रक्त वाहताना रक्तवाहिनीच्या भिंतीवर जो दाब पडतो, त्याचं ते नाव आहे. मन निवांत असतानाही तो दाब चढलेला असू शकतो.

आधी मनाचं टेन्शन बघू. रात्रीचे साडेअकरा वाजलेत, मुलगा मोटारसायकल घेऊन गेलाय आणि फोन लागत नाही. छाती धडधडते, तळहात ओले होतात, घसा कोरडा पडतो. शरीरात ॲड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात आणि भराभर आकुंचन पावतं, त्वचेकडच्या रक्तवाहिन्या आवळतात. अशा वेळी कुणाचंही बीपी घेतलं तर ते वाढलेलंच येईल, अगदी पंचविशीतल्या पैलवानाचंही. संकटात पळता यावं किंवा झुंजता यावं, यासाठीची ही शरीराची जुनी सोय आहे. दारात गाडी थांबते, मुलगा "बॅटरी संपली होती" म्हणत आत येतो आणि थोड्या वेळात आकडे पुन्हा जागेवर येतात. हा आजार नव्हे. काहींचं बीपी तर दवाखान्याची पायरी चढली की वाढतं आणि घरी नेहमीसारखं असतं. एकदाच पट्टा बांधून, एका आकड्यावर सहसा बीपीचं निदान करत नाहीत ते म्हणूनच.

बीपीचा आजार याहून मुकाट असतो. वय वाढतं तशा रक्तवाहिन्या कडक होतात, मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवू लागतात, वजन वाढतं, आई-वडिलांकडून आलेला कल असतो. कुणाला घोरताना मध्येच श्वास अडकण्याचा त्रास असतो, त्यानंही दाब वाढतो. या सगळ्यातून शरीर वरच्या दाबालाच आपली नेहमीची पातळी मानू लागतं. मग तो दाब दिवसा कामात असतो, रात्री झोपेत असतो आणि तांदूळ निवडतानाही असतो. आपल्याकडे दवाखान्यात घेतलेलं वरचं बीपी १४० किंवा खालचं ९०, किंवा त्याहून जास्त, वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा आलं तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. घरच्या मशीनवर, काही दिवसांच्या सरासरीसाठी, ही रेघ थोडी खाली, १३५ आणि ८५ ला धरतात.

आणि बहुतेकांना काहीही जाणवत नाही. "माझं बीपी वाढलं की मला कळतं, डोकं जड होतं," असं सांगणारे पुष्कळ भेटतात. डोकं जागरणानं, उन्हानं, चष्म्याचा नंबर बदलल्यानंही जड होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार उच्च रक्तदाब असलेल्या प्रौढांपैकी जवळपास निम्म्या लोकांना आपल्याला तो आहे हेच माहीत नसतं. आपल्या देशातल्या २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या २४ टक्के पुरुषांचं आणि २१ टक्के स्त्रियांचं बीपी वाढलेलं होतं किंवा त्यांना त्यासाठी गोळी चालू होती. म्हणजे साधारण चारापाचांत एक. तेवढी माणसं तर प्रत्येक घरच्या पंगतीत असतात.

मग टेन्शनचा हृदयाशी काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो हलका नाही. पहिल्या हार्ट ॲटॅकमागची कारणं शोधणारा इंटरहार्ट नावाचा मोठा अभ्यास ५२ देशांत झाला आणि २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात नऊ मुख्य कारणं निघाली. तंबाखू, बिघडलेलं कोलेस्टेरॉल, मधुमेह, उच्च रक्तदाब यांच्या रांगेत मानसिक ताणही होता, स्वतंत्र कारण म्हणून. म्हणजे टेन्शन बीपीच्या वाटेनं तर हृदयापर्यंत पोचतंच, पण त्याच्या स्वतःच्या वाटाही आहेत. माझ्या ओळखीचा एक मुलगा हिंजवडीत नोकरी करतो. बीपी १२० आणि ७८. रात्री दीडला झोप, सकाळी साताला कॅब, दिवसात सात-आठ सिगारेटी, संध्याकाळी भूक मारायला फरसाणाचं पाकीट. "बीपी नॉर्मल आहे, मला काही होत नाही," असं तो म्हणतो. मला त्याची काळजी आत्याइतकीच वाटते. तिचं टेन्शन उतरलं म्हणून ती बीपी विसरली, याचं बीपी ठीक आहे म्हणून हा टेन्शनकडे बघत नाही.

टेन्शन घालवायला आपण जे करतो, त्यातलं काही उलट हृदयावरच जातं, हे मला फार सांगावंसं वाटतं. सासरच्या कटकटीवर मिश्री, ट्रकच्या लांब फेरीवर मावा, हिशेब जुळेना की तंबाखूची चिमूट. दाताशी धरली की दोन घटका बरं वाटतं, म्हणून ती औषधासारखी वाटते. पण निकोटिननं त्याच वेळी ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी चढतं. थोड्या वेळानं निकोटिन उतरलं की जीव कासावीस होतो. तेच नवं टेन्शन, आणि त्यावर पुन्हा चिमूट.

दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. टेन्शनला सात तासांची झोप लागते, बोलायला माणूस लागतं, कामाची वाटणी लागते. आठवड्याचं भजनी मंडळ लागतं, तेही मी उपायातच धरते, कारण तिथे माणूस दोन तास घरचं विसरतो आणि लांब श्वास घेऊन गातो. सावकाश श्वसनानं, म्हणजे मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतल्यानं, बीपीही थोडं उतरतं. थोडंच, १७८ चं १३० होत नाही. चालणं मात्र दोन्हीकडे कामाला येतं. आठवड्यातून दीडशे मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, जरा दम लागेल इतकं झपाझप.

बीपीला मोजणं लागतं. आणि नीट मोजणं, कारण चुकीचं मोजलं की दोघांची गल्लत पुन्हा सुरू होते. आधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही, हात छातीच्या पातळीला टेकवलेला. पट्टा उघड्या दंडावर, ब्लाऊजच्या बाहीवरून नको. बोलायचं नाही. मोजण्यासोबत मीठही आवरावं लागतं. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, ठेचा, बेकरीचं सगळं आलं.

राहिली गोळी. आत्याची गोळी ॲम्लोडिपिनची. ती अंगातून हळू उतरते, निम्मी कमी व्हायलाच दीड-दोन दिवस लागतात. त्यामुळे दोन दिवस चुकली तरी माणसाला फरक पडल्यासारखं वाटत नाही, आणि "बघ, नाही घेतली तरी काही झालं नाही" असा समज होतो. दुसरा समज, गोळीची सवय लागते हा. छत्री मिटली की आपण भिजतो, त्याला छत्रीचं व्यसन म्हणत नाहीत. वजन उतरलं, मीठ कमी झालं, आकडे महिनोन्‌महिने खाली राहिले तर डॉक्टर मात्रा कमी करूही शकतात. ते मशीनवरच्या आकड्यांवर ठरतं, लग्न उरकलं की नाही यावर नाही. काही गोळ्या अचानक सोडल्या तर बीपी उसळी घेतं, तेव्हा मनानं बंद करणं धोक्याचं.

एक ठिकाण असं आहे जिथे ही गल्लत जिवावर बेतते. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, दम लागणं. बायकांमध्ये कधी नुसताच दम, मळमळ आणि कमालीचा थकवा. याला घरात "टेन्शन घेतलंस ना, म्हणून" म्हणायचं नाही. १०८ ला फोन करायचा. टेन्शनच निघालं तर आनंदच आहे, पण ते ईसीजी काढल्यावर डॉक्टरांनी सांगायचं.

भाऊबीज झाल्यावर आत्याला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा यांच्यासोबत सातारा होता. केंद्रातल्या सिस्टरांनी आत्याचं कार्ड काढलं, डॉक्टरांनी गोळी पुन्हा चालू केली आणि महिनाभराच्या गोळ्या फुकट मिळाल्या. "टेन्शन नसलं तरी घ्यायची का?" आत्यानं सिस्टरना विचारलं. "मावशी, आनंदात असलात तरी घ्यायची," त्या म्हणाल्या.

आता स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर, जिथे ती दुधाचा खाडा लिहायची, तिथेच दर रविवारी दोन आकडे लिहिते. परवा मुलीला दिवस गेल्याचा फोन आला. आत्या रात्रभर काळजीनं जागी होती. सकाळी तिनं मला फोनवर सांगितलं, "टेन्शन आलंय गं. पण बीपी १३४ आणि ८२ आहे."