डिबेट जिंकली कोणी, मतं पडली कोणाला?

२८ जून २०२४ची सकाळ. साडेसहा वाजले होते, बाहेर पावसाळी अंधार आणि गॅसवर चहा. तिकडे अटलांटात आदल्या रात्रीचे नऊ झाले होते आणि बायडेन-ट्रम्प डिबेट सुरू झाली होती. न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ फोनवर होता. त्याला तिकडचा नागरिक होऊन बरीच वर्षं झाली. पहिल्या पंधरा मिनिटांतच बायडेन एका उत्तरात अडखळले, शब्द सापडेनात, आणि ‘शेवटी आम्ही मेडिकेअरला (म्हणजे तिकडच्या म्हाताऱ्यांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याला) हरवलं’ असं काहीतरी भलतंच बोलून थांबले. भाऊ म्हणाला, “संपलं रे.” मी विचारलं, “म्हणजे तू आता ट्रम्पला मत देणार?” तो जवळजवळ ओरडलाच, “वेड लागलंय का तुला?”

‘संपलं’ आणि ‘वेड लागलंय का’ या दोन उद्गारांच्या मधे जी जागा आहे, तिथे राज्यशास्त्राचे अभ्यासक गेली साठ वर्षं मोजमाप करतायत.

सुरुवात अर्थातच २६ सप्टेंबर १९६०पासून. शिकागोचा स्टुडिओ, अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारांची टीव्हीवरची पहिली डिबेट, केनेडी विरुद्ध निक्सन, सुमारे सात कोटी प्रेक्षक. ऑगस्टमध्ये गाडीच्या दारावर गुडघा आपटून निक्सन यांना जंतुसंसर्ग झाला होता आणि जवळजवळ दोन आठवडे रुग्णालयात काढावे लागले होते. वजन घटलेलं, कॉलर गळ्याभोवती सैल. त्यात स्टुडिओपाशी गाडीतून उतरताना तोच गुडघा पुन्हा आपटला. नीट मेकअप नको म्हणाले. दाढीची निळसर छटा झाकायला ‘लेझी शेव्ह’ नावाची पावडर तेवढी थापली, आणि दिव्यांखाली तिच्यातून घाम फुटला. फिका राखाडी सूट मागच्या फिक्या भिंतीत मिसळून गेला. शेजारी गडद सुटातले, उन्हात रापलेले केनेडी. नोव्हेंबरमध्ये केनेडी जिंकले, तेही पावणेसात कोटींहून जास्त मतांत जेमतेम १ लाख १२ हजारांच्या आसपास फरकाने. मग काय, घामाने निवडणूक घालवली हे ठरूनच गेलं.

या कहाणीला एक शेपूट आहे आणि ती सांगितल्याशिवाय कोणी राहत नाही: ज्यांनी ही डिबेट रेडिओवर ऐकली, त्यांना म्हणे निक्सन जिंकले असं वाटलं. १९८७ मध्ये व्हॅन्सिल आणि पेंडेल या दोन अभ्यासकांनी ही शेपूट धरून ओढली, तर हातात आलं सिंडलिंगर नावाच्या कंपनीचं एकच सर्वेक्षण. त्यात रेडिओवाले होते फक्त २८२. आणि टीव्ही घरोघरी पोहोचल्यावरही रेडिओच लावणारी माणसं होती कोण? त्यात खेड्यापाड्यांतले प्रॉटेस्टंट जास्त असण्याची शक्यता दाट, आणि कॅथलिक केनेडींना त्यांची मतं मुळातच कमी पडणार होती. म्हणजे फरक कानात आणि डोळ्यांत होता की माणसांतच होता, हे त्या सर्वेक्षणावरून सांगताच येत नाही.

तरी गोष्ट अगदीच पोकळ नव्हती. २००३ मध्ये जेम्स ड्रकमन यांनी १७१ जणांना तीच डिबेट दिली, काहींना चित्रासह आणि काहींना नुसता आवाज. कोणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं तसं ठरलं, त्यामुळे ‘रेडिओवाले मुळातच वेगळे’ ही शंका उरली नाही. चित्र पाहणाऱ्यांना केनेडी जिंकले असं जास्त वाटलं आणि मत बनवताना त्यांनी व्यक्तिमत्त्वाला जास्त तोललं. चेहऱ्याचा परिणाम होतो, हे खरं. पण ‘डिबेट कोण जिंकलं’ याचं उत्तर बदलणं वेगळं आणि शिक्का मारताना हात बदलणं वेगळं. गॅलप या संस्थेच्या मतचाचण्यांत डिबेटआधी निक्सन ४७ टक्के आणि केनेडी ४६ टक्के होते, नंतर केनेडी ४९ आणि निक्सन ४६. एवढं इकडेतिकडे तर कोणत्याही चाचणीत गृहीतच धरलेलं असतं.

याचं साधं कारण असं की दीड तास बसून डिबेट पाहतो कोण? ज्याला राजकारणात रस आहे तो. आणि ज्याला रस आहे त्याचा पक्ष बहुतेक कधीच ठरलेला असतो. कीर्तनाला नास्तिक फारसे येत नाहीत, आलेच तर प्रसादापुरते. ज्यांचं खरंच ठरलेलं नसतं, ती माणसं त्या वेळी दुसरं काहीतरी पाहत असतात.

मग डिबेटनंतर चाचण्यांचे आकडे एवढे उसळतात ते कसे? याचं उत्तर मला या सगळ्या संशोधनातलं सर्वात मजेदार वाटतं, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

३ ऑक्टोबर २०१२, डेन्व्हर. ओबामा थकल्यासारखे, खाली मान घालून टिपणं काढत होते आणि त्यांचे प्रतिस्पर्धी मिट रॉम्नी तडफेने बोलत होते. प्यू संस्थेच्या चाचणीत सप्टेंबरमध्ये ओबामा ८ अंकांनी पुढे होते, डिबेटनंतर रॉम्नीच ४ अंकांनी पुढे गेले. बारा अंकांची उलथापालथ! त्याच काळात संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू गेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विचित्र पाहणी चालवली होती. एक्सबॉक्स या व्हिडिओ गेमच्या यंत्रावर खेळणाऱ्यांना रोज राजकीय प्रश्न विचारायचे. नमुना इतका वाकडा की कोणत्याही संख्याशास्त्राच्या शिक्षकाने डोक्याला हात लावावा: ९३ टक्के पुरुष, आणि ६५ टक्के तिशीच्या आतले. पण प्रत्येकाचं वय, लिंग, शिक्षण, पक्ष, गेल्या वेळचं मत हे सगळं आधीच विचारून ठेवलं होतं आणि तीच माणसं पुन्हापुन्हा उत्तरं देत होती. त्यामुळे आज कोण बोलायला आलं आणि कोण आलं नाही, हे दिसत होतं.

आणि दिसलं ते असं, की डेन्व्हरनंतर ओबामांचे समर्थक रॉम्नीकडे गेलेच नव्हते. ते गप्प बसले होते. आपला माणूस तोंडावर आपटलाय, अशा दिवशी अनोळखी माणसाला निवडणुकीबद्दल उत्तरं द्यायची हौस कोणाला असते? उलट रॉम्नीवाले आनंदाने बोलत होते. नमुन्यातलं पक्षांचं प्रमाण दुरुस्त केल्यावर ती उलथापालथ बहुतेक विरघळली. आपला संघ हरला की दुसऱ्या दिवशी ऑफिसात क्रिकेटचा विषय काढायला माणूस टाळतो, तसंच हे. त्यावरून त्याने संघ बदलला असं कोणी म्हणत नाही. चाचण्यांवरून मात्र आपण म्हणतो. ओबामा त्या नोव्हेंबरमध्ये जवळजवळ ४ अंकांनी जिंकले.

ब्रिटनमध्ये याहून मोठा फुगा फुटला. १५ एप्रिल २०१०ला तिथली पहिली पंतप्रधानपदाची डिबेट झाली. लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे निक क्लेग अचानक सगळ्यांना आवडले, चाचण्यांत पक्ष ३० टक्क्यांपर्यंत गेला, वर्तमानपत्रं ‘क्लेगमेनिया’ म्हणू लागली. तीन आठवड्यांनी मतं मोजली तर २३ टक्के, आणि जागा आधीपेक्षा ५ कमी, ५७.

बरं, जिंकलं कोण हे तरी आपण स्वतः ठरवतो का? १९८४ मध्ये ७३ वर्षांच्या अध्यक्ष रेगन यांना वयाबद्दल प्रश्न आला, तेव्हा ते म्हणाले की मी वयाचा मुद्दा करणार नाही, प्रतिस्पर्ध्याच्या तारुण्याचा आणि अननुभवाचा राजकीय फायदा मी उठवणार नाही. प्रतिस्पर्धी मॉन्डेल ५६ वर्षांचे होते, आणि तेसुद्धा हसले. पुढे काही मानसशास्त्रज्ञांनी या डिबेटच्या तीन आवृत्त्या केल्या. एक जशीच्या तशी, एक रेगन यांचे विनोद कापलेली, आणि एक विनोद ठेवून नुसता सभागृहातला हशा आणि टाळ्या कापलेली. विनोद कापल्याने रेगन यांचं फारसं बिघडलं नाही. हशा कापल्यावर मात्र त्यांचं पारडं धाडकन खाली आलं. विनोद झाला पण कोणी हसलंच नाही, ही अवस्था नेत्याला फार वाईट.

ब्रिटनमध्ये २०१०च्याच एका डिबेटच्या वेळी कॉलिन डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी १५० जणांना पडद्याखाली वळवळणारी ती रेघ दाखवली. काही वाहिन्या दाखवतात ना, प्रेक्षकांना आत्ता कोण आवडतंय ते सांगणारी. फक्त ही रेघ बनावट होती, एका गटात तेव्हाचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांच्या बाजूने झुकवलेली आणि दुसऱ्यात क्लेग यांच्या. ज्याची रेघ वर, तोच लोकांना विजेता वाटला. मत कोणाला देणार, यावरही तिची सावली पडली.

म्हणजे डिबेटपेक्षा तिच्यावरची बडबड जास्त बोलते. ऑक्टोबर १९७६ मध्ये अध्यक्ष फोर्ड म्हणाले की पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही; प्रत्यक्षात ते होतंच. त्या रात्री फोनवर ज्यांना विचारलं, त्यांच्यात फोर्ड यांची कामगिरी ठीक होती. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं आणि टीव्ही त्या एका वाक्यावर तुटून पडले आणि संध्याकाळपर्यंत त्यांचे प्रतिस्पर्धी कार्टर भलतेच पुढे निघून गेले. वाक्य सगळ्यांनी रात्रीच ऐकलं होतं. ते घोडचूक आहे हे त्यांना सकाळी कळलं. (त्याच वर्षीच्या पहिल्या डिबेटमध्ये आवाजाची यंत्रणा २७ मिनिटं बंद पडली, आणि ही दोन मोठी माणसं आपापल्या पोडियमपाशी काही न बोलता उभी राहिली. त्या सत्तावीस मिनिटांत कोण जिंकलं, याची पाहणी झालेली माझ्या वाचनात नाही.)

एकेक किस्सा सोडून सगळं एकत्र तोलायचं काम कॅरोलिन ल पेनेक आणि व्हिन्सेंट पॉन्स यांनी केलं. १० देश, १९५२पासूनच्या ६२ निवडणुका, ५६ टीव्ही डिबेट. युक्ती साधी होती. एकाच माणसाला मतदानाआधी विचारायचं ‘कोणाला देणार’ आणि नंतर विचारायचं ‘कोणाला दिलंत’. मतदानाला ६० दिवस असताना विचारलं तर दोन उत्तरं बऱ्याचदा जुळत नाहीत. दिवस जवळ येतात तशी जुळणी वाढत जाते, एकूण १७ अंकांनी. म्हणजे प्रचाराच्या काळात माणसं ठरवतात, बदलतात, हे नक्की. आता डिबेटने जर मनं ठरत असतील, तर तिच्या दुसऱ्या दिवशी या चढत्या रेषेत पायरी दिसायला हवी. ५६ डिबेटींत मिळून अशी पायरी दिसली नाही. रेषा आपली हळूहळू चढतच राहते: बातम्या, कार्यकर्ते, शेजारी, चहाच्या टपरीवरचं बोलणं.

सप्टेंबर २०२४ मध्ये फिलाडेल्फियात कमला हॅरिस यांनी ट्रम्प यांना हरवलं, असं सीएनएनच्या झटपट चाचणीत ६३ टक्के प्रेक्षक म्हणाले. निवडणूक ट्रम्प जिंकले. आणि अटलांटाचं काय? बायडेन यांची उमेदवारी त्या डिबेटनंतर २४ दिवसांत गेली. पण ती मतदारांनी घेतली नाही, पक्षातल्या पुढाऱ्यांनी आणि देणगीदारांनी घेतली. तेही प्रेक्षकच होते, आणि त्यांना घाबरवायला दीड तास पुरला.

इथेच थांबलो तर ‘डिबेट म्हणजे नुसती करमणूक’ असा ग्रह होईल, आणि तो चुकीचा ठरेल. कारण वरचे बहुतेक प्रयोग अशा देशांतले आहेत जिथे उमेदवार लोकांना आधीच पाठ असतात. २०१२ मध्ये सिएरा लिओनमध्ये बिडवेल, केसी आणि ग्लेनर्स्टर या तिघांनी संसदेच्या उमेदवारांच्या डिबेट चित्रित केल्या आणि तंबूतल्या सिनेमासारखा फिरता पडदा लावून गावोगावी दाखवल्या. २२४ मतदान केंद्रांपैकी ११२ सोडतीने निवडली होती, बाकीच्या ठिकाणी काही दाखवलं नाही. तिथे खासदार कोण, त्याच्या हातात निधी किती, हेच अनेकांना ठाऊक नव्हतं. पडदा लागला त्या गावांत लोकांना उमेदवारांची धोरणं कळली, आणि डिबेटमध्ये सरस ठरलेल्याची मतं सुमारे ५ अंकांनी वाढली. हे कळल्यावर उमेदवारांनीही त्याच गावांत प्रचाराचा जास्त खर्च केला. पुढे आणखी एक निघालं: डिबेटमध्ये उतरून निवडून आलेल्या खासदारांनी आपल्या मतदारसंघाच्या निधीतून प्रत्यक्ष कामांवर इतरांच्या अडीचपट खर्च केला होता.

आपल्याकडे रात्री नऊला वृत्तवाहिन्यांवर सहा खिडक्यांतून जे भांडण चालतं त्याला डिबेट म्हणतात, पण त्यात उमेदवार नसतात, प्रवक्ते असतात. मे २०२४ मध्ये माजी न्यायमूर्ती मदन लोकूर, अजित शहा आणि पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना जाहीर चर्चेचं निमंत्रण दिलं होतं. राहुल गांधींनी होकार दिला, चर्चा झाली नाही. सिएरा लिओनचे आकडे पाहता मला वाटतं, ती झाली असती तरी मतं फारशी हलली नसती. त्या दोघांबद्दल कोणाचं काही ठरायचं राहिलंय? हलली तर नगरपालिकेच्या वॉर्डात हलतील.

नोव्हेंबरमध्ये भावाला फोन केला. अध्यक्षपदाचं मत त्याने नेहमीच्याच पक्षाला दिलं होतं. पण त्याच मतपत्रिकेवर गावच्या शाळा मंडळाची निवडणूक होती, आणि तिथे उमेदवारांपुढे पक्षाचं नाव नसतं. वाचनालयात त्या सगळ्यांची चर्चा ठेवली होती, म्हणून हा जाऊन बसला. पंचवीसेक माणसं, खुर्च्या घडीच्या. “आधी मी आमच्या गल्लीतल्या बाईंना देणार होतो,” तो म्हणाला, “पण तिला बसच्या खर्चाचा आकडाच सांगता येईना. मग दुसऱ्या एकाला दिलं. नाव आता आठवत नाही बघ.”