पाणी आधी का चढलं नाही?

बशीतल्या पाण्यात मेणबत्ती उभी करायची, पेटवायची आणि वरून काचेचा पेला उपडा घालायचा. थोड्या वेळात ज्योत विझते, पेल्यात पाणी चढतं. मग फळ्यावर ठरलेलं वाक्य येतं: मेणबत्तीने ऑक्सिजन वापरला, त्याची जागा पाण्याने घेतली. हवेत ऑक्सिजन साधारण एक पंचमांश असतो आणि पाणीही तेवढंच चढलं, म्हणजे सिद्ध झालं.

मीही बरीच वर्षं हे असंच शिकवलं. एकदा एका मुलीने विचारलं, "सर, ऑक्सिजन जळताना संपत होता ना? मग पाणी तेव्हा का नाही चढलं? विझल्यावर का चढलं?" मी "चढत होतं, तू नीट बघितलं नाहीस" म्हणून वेळ मारून नेली. शाळा सुटल्यावर एकट्यानेच पुन्हा करून पाहिलं. नीट बघितलं नव्हतं ते मी.

ज्योत जळत असते तोवर पाणी जेमतेम हलतं. ती विझू लागली की मात्र झपकन वर येतं. पेला उपडा घालतानाच त्यात ज्योतीभोवतीची तापलेली, फुगलेली हवा भरते. त्यातली थोडी काठाखालून निसटतेही. पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकले तर काठाशी फेस धरलेला दिसतो. ज्योत गेली की आतली हवा गार होऊन आकसते, तिचा दाब उतरतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो.

मग ऑक्सिजनचं काय? मेण म्हणजे एकच पदार्थ नव्हे, पण हिशेबासाठी २५ कार्बन आणि ५२ हायड्रोजन असलेला रेणू धरू. तो पूर्ण जळायला ऑक्सिजनचे ३८ रेणू लागतात. त्यातून कार्बन डायऑक्साइडचे २५ आणि पाण्याचे २६ रेणू तयार होतात. पाण्याची वाफ काचेवर दव होऊन बसते, ती सोडून देऊ. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो खरा, पण एवढ्या थोड्या वेळात फारसा नाही. म्हणजे ३८ गेले, २५ आले. तूट १३ ची, वापरलेल्या ऑक्सिजनच्या साधारण एक तृतीयांश. आणि मेणबत्ती काही सगळा ऑक्सिजन संपवत नाही. २१ टक्क्यांवरून तो १६ च्या आसपास आला की ती मान टाकते. वापरला पाच टक्के, त्याचा तिसरा हिस्सा म्हणजे दोन टक्केही नाही. बाकीचं पाणी कोणी चढवलं?

(इथे वर्गातले निम्मे डोळे खिडकीकडे वळतात. तुमचेही वळले असतील. पण पुढचा हिशेब चुकवू नका, मला तो सगळ्यात आवडतो.)

दाब तोच असेल तर वायूचं आकारमान केल्विनमधल्या तापमानाच्या प्रमाणात बदलतं. पेला टेकताना आतल्या हवेचं सरासरी तापमान १०२ अंश सेल्सिअस, म्हणजे ३७५ केल्विन होतं असं समजा. ती २७ अंशांवर, ३०० केल्विनवर आली. ३०० भागिले ३७५ म्हणजे ०.८. हवा बरोब्बर एक पंचमांशाने आकसली! चुकीच्या स्पष्टीकरणाला योगायोगाने बरोबर दिसणारा आकडा मिळाला, आणि पाठ्यपुस्तकांतून ते वाक्य हलता हलत नाही.

त्यानंतर मी ही प्रयोगवही उलटी करून पाहिली. आपली नेहमीची चौकट साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान अशी असते. अनुमान बहुतेक जण आदल्या रात्रीच लिहून आणतात. १९६३ साली पीटर मेडावर या नोबेल विजेत्या जीवशास्त्रज्ञाने विचारलं होतं, की शोधनिबंध ही एक प्रकारची फसवणूक तर नव्हे? निष्कर्ष खोटे असतात असं त्याला म्हणायचं नव्हतं. ते सुचले कसे याचं जे चित्र निबंध उभं करतो ते खोटं, असं त्याचं म्हणणं. शाळेतल्या वह्यांना तर हे दुप्पट लागू पडतं.

म्हणून आधी अंदाज मागितले. "ज्योत पाणी ओढते." "धूर पाण्यात विरघळतो." "हवा गार होते." काहीही चालेल, अट एकच: तुझा अंदाज चुकीचा असेल तर ते आपल्याला कसं कळेल, हेही तूच सांगायचं. यावर वर्ग गप्प झाला. अंदाज बांधायला मुलं कचरत नाहीत, स्वतःचा अंदाज पाडायची युक्ती शोधताना मात्र डोकं खाजवावं लागतं. आपण कल्पकतेला तक्ते रंगवायच्या तासाला बसवतो आणि 'पद्धत' म्हटली की ती रुक्ष असं धरून चालतो. मला तर उलट दिसलं. सगळ्यात कल्पक दोन गोष्टी या पाडापाडीतूनच निघाल्या. एकाने एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या. पेला तोच, ऑक्सिजन तेवढाच, पाणी मात्र जास्त चढलं. दुसरीने मेणबत्तीच काढून टाकली. पेला गरम पाण्याने विसळून तसाच गार पाण्यात उपडा घातला, काही न जळता पाणी वर.

आणि प्रत्येक उत्तराला "छान!" म्हणणं म्हणजे कल्पकतेला वाव देणं नव्हे. ज्योत पाणी ओढत असती तर ज्योत असताना ओढलं असतं. तो अंदाज पडला, आणि तो पडला असं वर्गात स्पष्ट म्हणायला हवं.

जाता जाता, 'उजवा मेंदू जागवा, मूल सर्जनशील करा' छापाच्या वर्गांबद्दल. २०१३ साली १,०११ जणांच्या मेंदूंच्या स्कॅनचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कुणी उजव्या मेंदूचा, कुणी डाव्या मेंदूचा अशी माणसं सापडली नाहीत. 'मिडब्रेन' म्हणजे मधला मेंदू जागवला की मूल डोळ्यांवर पट्टी बांधूनही वाचतं, असा दावा करणारे वर्गही असतात. त्या चमत्काराची चाचणी तर कुठलंही मूल सुचवू शकेल: नाकाजवळची फट बुजवा आणि मग वाचायला सांगा.

ऑक्सिजनचा पंचमांश खरंच पाहायचा असेल तर लोखंडाच्या बारीक तारांचा बोळा घ्या. स्टेनलेस नको, गंजणारा हवा. तो व्हिनेगरमध्ये भिजवून झटका, परीक्षानळीत कोंबा आणि नळी पाण्यात उपडी ठेवा. गंज चढताना ऑक्सिजन लोखंडात अडकतो, बदल्यात दुसरा वायू निघत नाही. पाणी सावकाश, तासन्‌तास चढत राहतं आणि जवळपास पंचमांशावर थांबतं. त्या मुलीला हवं होतं तसं, ऑक्सिजन संपत असताना.

पुढच्या तासाला एका मोठ्या बरणीखाली एक उंच आणि एक बुटकी अशा दोन मेणबत्त्या ठेवल्या. आधी कोणती विझेल? कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, खाली साचणार, म्हणून बुटकी, असं जवळजवळ सगळ्यांनी कारणासकट लिहून दिलं. उंच विझली.