एकसारखे दोन पुडे आणि अळवावरचा करपा

श्रावण तोंडावर आला की अळवाच्या पानाला भाव चढतो. वडीला, फदफद्याला, ऋषिपंचमीच्या भाजीला पान हवंच असतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत पानावर पाण्यात भिजल्यासारखे ठिपके उमटतात. बघता बघता ते रुपयाएवढे होतात, मग तळहाताएवढे, आणि पान देठावर लोंबू लागतं. कृषी सेवा केंद्रात जाऊन ‘अळवाला करपा आलाय, औषध द्या’ म्हटलं की पुढ्यात दोनपैकी एक पुडा येतो. एकात कार्बेन्डाझिम १२ टक्के आणि मॅन्कोझेब ६३ टक्के. दुसऱ्यात मेटॅलॅक्सिल ८ टक्के आणि मॅन्कोझेब ६४ टक्के. दोन्ही भुकट्या, दोन्ही पाण्यात मिसळायच्या, दोन्ही ‘स्पर्शजन्य अधिक आंतरप्रवाही’, म्हणजे एक घटक पानावर बसणारा आणि दुसरा आत मुरणारा. त्यामुळे हे नाही तर ते, असं सहज म्हटलं जातं. अळवाच्या बाबतीत ते चूक आहे, आणि ती चूक महाग पडते.

कारण करपा आणणारा जीव मुळात खरी बुरशीच नाही. त्याचं नाव फायटोफ्थोरा कोलोकेसिए. जावा बेटावर वनस्पतिशास्त्रज्ञ रासिबोर्स्की यांनी १९०० साली त्याचं वर्णन केलं, आणि आपल्याकडे बटलर आणि कुलकर्णी यांनी १९१३ साली या रोगावर सविस्तर लिहिलं. दिसायला तो बुरशीसारखाच तंतुमय, पण त्याच्या पेशीभिंतीला बुरशीसारखा कायटिनचा नव्हे, तर सेल्युलोजचा आधार असतो. नात्याने तो भूछत्रांपेक्षा समुद्रातल्या तपकिरी शेवाळांना जवळचा. त्याच्या बीजाणूंना शेपट्या असतात आणि पानावरच्या पाण्याच्या पातळ थरात ते चक्क पोहतात. म्हणून तर संततधार, ढगाळ हवा आणि विशीच्या आसपासचं रात्रीचं तापमान हा त्याचा सुगीचा काळ.

कार्बेन्डाझिम खऱ्या बुरशीच्या पेशीतल्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं आणि पेशींचं विभाजन थांबवतं. फायटोफ्थोरात ते तसं चिकटतच नाही. पानात कितीही मुरलं तरी तिथे त्याला काही काम नाही. मेटॅलॅक्सिल मात्र याच कुळासाठी बनलेलं आहे. ते त्या जीवाची आरएनए बनवण्याची क्रिया रोखतं आणि रसाबरोबर वर चढून नव्या वाढीपर्यंत पोहोचतं.

मग कार्बेन्डाझिमचा पुडा मारल्यावरही काहींना फरक का दिसतो? तो मॅन्कोझेबचा गुण. मॅन्कोझेब पानाच्या पृष्ठभागावर बसून बीजाणू रुजू देत नाही, आणि ते दोन्ही पुड्यांत आहे. रोग यायच्या आधी फवारणी झाली तर पहिल्या पुड्यानेही पान काही दिवस तगतं आणि श्रेय भलत्यालाच जातं. रोग आत शिरल्यावर मात्र पृष्ठभागावरच्या थराचा उपयोग उरत नाही, आणि फवारणीनंतर उलगडलेली सुरळी तर उघडीच असते.

मेटॅलॅक्सिलचाही अतिरेक नको. ते एकाच ठिकाणी घाव घालतं, त्यामुळे रोगाला त्याची सवय लवकर होते. अळवाच्या या रोगाचा भाऊबंद म्हणजे बटाट्याचा करपा, आणि त्याच्यावर आयर्लंडमध्ये १९८० सालीच हे औषध निकामी ठरू लागलं. म्हणून ते मॅन्कोझेबबरोबर मिसळून मिळतं. हंगामात दोन फवारण्यांच्या पुढे जाऊ नये.

फवारताना अळवाचं पान स्वतःच आडवं येतं. अळवावरचं पाणी आपण उगाच म्हणत नाही. मेणचट पानावरून औषधाचे थेंबही तसेच घरंगळून जातात. द्रावणात स्टिकर, म्हणजे औषध पानाला चिकटवून ठेवणारा पदार्थ, घातल्याशिवाय फवारणी म्हणजे मातीला औषध पाजणं आहे. पानाच्या खालच्या बाजूलाही फवारा पोहोचला पाहिजे, आणि त्यासाठी पावसाची उघडीप गाठावी लागते. कोकणात जुलैमध्ये ती गाठणं किती अवघड, हे तिथल्या शेतकऱ्याला सांगायला नको.

इथेच लागवडीचा हंगाम औषधापेक्षा मोठा ठरतो. जूनमध्ये लावलेला अळू जुलै-ऑगस्टमध्ये ऐन पानावर असतो आणि करपा त्याला त्याच वेळी गाठतो. आळकुड्या, म्हणजे अळवाचे कंद, भरण्याआधीच पानं गेली तर जमिनीखाली काही उरत नाही. पाण्याची सोय असेल आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये लावला, तर पाऊस जोर धरेपर्यंत पीक चार-पाच महिन्यांचं होऊन कंद बरेच भरलेले असतात. तेव्हा पानं गेली तरी नुकसान आटोक्यात राहतं. विहिरीला उन्हाळ्यात पाणी असेल, तर आळकुड्यांसाठी मी आधी तारीख बदलेन आणि पुड्याचा विचार मग करेन. बियाण्याचे कंद मात्र निरोगी वाफ्यातलेच घ्यावेत, कारण रोग कंदाबरोबरही येतो. मुक्तकेशीसारखा करप्याला बऱ्यापैकी सोसणारा वाणही आहे.

वाण आणि लागवड किती मोलाची, हे पॅसिफिक महासागरातल्या सामोआ या बेटदेशाने सोसून पाहिलं. १९९३ साली तिथे हा करपा पोहोचला तेव्हा बहुतेक शेतांत एकाच नाजूक वाणाचा अळू होता. थोड्याच काळात देशाची अळवाची निर्यात जवळजवळ थांबली. फवारणीने ते सावरलं नाही. रोग सोसणारे नवे वाण तयार केल्यावर पीक पुन्हा उभं राहिलं.

आता पानाच्या अळवाचं. आळकुड्यांच्या पिकात औषध पानावर पडतं आणि आपण खातो तो कंद. भाजीच्या आणि वडीच्या अळवात फवारलेलं पानच थेट ताटात येतं. त्यामुळे पान विकायच्या वाफ्यावर यातला कोणताच पुडा सरसकट मारू नये. लेबलवर पीक कोणतं दिलंय आणि काढणीआधी किती दिवस थांबायचंय, हे बघूनच ठरवावं. परसातल्या चार गड्ड्यांना तर औषध लागतच नाही. गड्डे विरळ लावावेत, आणि सकाळी फेरी मारताना डागाच्या कडेला पांढरी लव किंवा नारिंगी थेंब दिसले की ते पान त्याच दिवशी कापून वाफ्याबाहेर खोल पुरावं.